कोट घातलेली बादली

मी बादली बोलतेय. हसू नका! बांधकामावर वाळू वाहून वाहून माझी कडी तुटली, तेव्हा मला कोपऱ्यात भिरकावलं होतं. तिथून उचललं मास्तरांच्या बायकोने. बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि टोमॅटोचं रोप लावलं. भोकं पाडताना जीव गेला होता माझा, पण मुळं पोटात गुदगुल्या करायला लागली तेव्हा सगळं विसरले.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवले. आता दुकान मुलाकडे आणि मास्तर घरात नुसते बसून. बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या तेव्हा त्यांनी बजावलं, "अहो, आठ फुलं आलीत. मी येईपर्यंत झाड जगलं पाहिजे. एवढं एकच काम सांगतेय."

मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. ऊन रणरणतं, वारा कोरडा ठणठणीत आणि मी काळी! दुपारी मला हात लागला की चटका बसे. मला उन्हापासून जपावं म्हणून मास्तरांनी फीत काढली, माझं माप घेतलं आणि उत्तम काळ्या गरम कापडाचा कोट शिवला. अस्तरासकट! दोन बटणंही लावली. सकाळी काय मिरवले मी! दुपारी मात्र जीव कासावीस झाला. पानांनी माना टाकल्या, दोन फुलं गळाली. मास्तर पाण्यावर पाणी ओतत राहिले, अगदी रडकुंडीला आले. "आता हिला काय तोंड दाखवू?"

खालच्या मजल्यावरची नर्स गच्चीवर कपडे वाळत घालायला आली होती. तिने मातीत बोट घातलं आणि झटकन काढलं.

"मास्तर, मुळं शिजतायत की हो! या उन्हात तुम्ही घालाल का असला कोट?"

"मी? वेड लागलंय का मला?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

त्यांनी कोट काढला. कपाटातली पांढरी सुती चादर बेतून माझ्यासाठी सैल झगा शिवला. मला तापल्या भिंतीपासून दूर, विटांवर ठेवलं. मातीवर वाळकं गवत पसरलं, दुपारपुरता डोक्यावर पडदा बांधला. मुळांना पाणी सकाळीच. झगा मात्र दिवसातून तीनदा ओला. ओल्या कापडाला कोरडा वारा लागला आणि अहाहा, काय गारवा! चार दिवसांत पानं पुन्हा ताठ झाली.

बाई परतल्या त्या पिशवीसकट थेट गच्चीवर. मास्तर श्वास रोखून मागे उभे.

"अहो! ही माझी नवी कोरी चादर?"

बाईंनी शिवण निरखली, मग टोमॅटो मोजले. सहा! त्यांना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"जगवलंत की हो!" त्या म्हणाल्या. "आता असं करा, मिरचीच्या कुंडीचं माप घ्या. दुसरी चादर मी काढून देते."

हल्ली मास्तरांना बसायला फुरसत नाही. शेजारच्या कुंड्याही मापाला येतात. तुमच्याकडे माझी एखादी बहीण उन्हात उभी असेल, तर भर दुपारी तिच्या अंगाला एकदा हात लावा. चटका बसला, तर आत कुणीतरी मुकाट्याने भाजतंय, एवढं ओळखा.