हातोडा आणि पेन ड्राइव्ह

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि पोचा पडलेला नाही अशी जागा माझ्या अंगावर फारशी उरलेली नाही. हे पोचे एका वेल्डरच्या हातचे आहेत. त्याला सगळे दादा म्हणतात. लोखंडी दारं आणि जाळ्या बनवणाऱ्या त्याच्या कारखान्यात, कोपऱ्यातल्या टेबलावर मी राहतो.

खोक्यातून काढताना दादानं मला तान्ह्या बाळासारखं उचललं होतं. त्याची धाकटी बहीण चिमणी माझ्यावर नक्षी काढायची, आणि माझ्या हुकमानं शेजारचं यंत्र ती पत्र्यात कापायचं. गिऱ्हाईक आलं की दादा माझ्या पाठीवर थाप मारायचा. काय रुबाब होता माझा!

पुढे माझ्या आतली प्रणाली, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्रॅम, जुनाट झाली. बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं, आणि नवी प्रणाली मला झेपेना. मी अडखळायला लागलो. थापेची चापट झाली, चापटीचा गुद्दा झाला. एकदा दादानं टेबलाला अशी लाथ घातली, की मी फरशीवर आपटलो आणि माझा पत्रा फाटला. सोडवायला आलेल्या चिमणीला त्यानं भिंतीवर ढकललं. रागात त्याला माणूस आणि लोखंड सारखंच दिसायचं.

शेवटी दुरुस्तीवाला आला. "लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाका. फुकट आहे, हलकी आहे. आतलं सगळं पुसतो, मग बघा कसा पळतो ते."

"टाक!" दादा म्हणाला. "नाहीतर भंगारात घालतो याला."

"अहो, थांबा जरा," चिमणी दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "पुसल्यावर कापायचं यंत्रच चाललं नाही, तर काय करायचं? आधी लिनक्स तुमच्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघू. त्यात आतलं काही पुसलं जात नाही."

तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि खोटं कशाला बोलू, मला तरतरी आली! पत्र लिहून झालं, मेल गेली, प्रिंटरनं निमूटपणे कागद काढला. दादा चक्क हसला. मग चिमणीनं कापायच्या यंत्राचा प्रोग्रॅम उघडायला घेतला. तो काही केल्या उघडेना. तो जुन्या प्रणालीसाठीच बनवलेला होता.

"म्हणजे हेही नाटकच!" दादा गरजला. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यानं हातोडा उचलला.

"दादा, नको! सगळी नक्षी आत आहे!" चिमणीनं माझ्यावर हात आडवा घातला.

हातोडा खाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. चिमणीची किंकाळी कारखानाभर घुमली आणि माझ्या फाटक्या पत्र्यावर तिचं रक्त सांडलं. दादाच्या हातून हातोडा गळून पडला. "चिमणे... चिमणे..." एवढंच तो म्हणत राहिला.

चिमणीचा हात प्लास्टरमध्ये गेला. तिनं सांगितलं तसं दुरुस्तीवाल्यानं आधी सगळ्याची दुसरीकडे नक्कल करून ठेवली, मग लिनक्स जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवलं. आता मेल आणि पत्रं लिनक्सवर होतात. कापायच्या कामापुरती जुनी प्रणाली चालू होते, तीही इंटरनेट तोडून, कारण तिला व्हायरसपासून आता कोणी वाचवत नाही. दादा एका बोटानं टाइप करतो, चिमणी शेजारी बसून सांगते. तिची दोन बोटं अजून वाकत नाहीत.

मित्रांनो, लिनक्स घ्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. ज्या कामावर तुमचं पोट आहे, ते तिथं चालतं का, एवढं आधी बघा. न पुसता चालवून बघा, आणि पुसायचंच असेल तर नक्कल काढल्याशिवाय पुसू नका. घाई करू नका.

आणि माझ्यासारख्यावर हात उगारण्याआधी आजूबाजूला पाहा. मला दुखत नाही, मित्रांनो. पण मला वाचवायला जो धावतो, त्याला दुखतं.