अंबाबाईच्या कोनाड्यातलं प्रस्थान

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी फिरकीचा तांब्या पाहिला असेल, कोण जाणे. चालता चालता प्लॅस्टिकची बाटली तोंडाला लावणाऱ्यांनी तर नक्कीच नाही. माझ्या गळ्याला आटे आहेत. त्यावर झाकण फिरवून बसवलं की मला उलटा केला तरी थेंब सांडत नाही. म्हणजे सांडत नसे. आता झाकण इतकं कळकून बसलं आहे की मी भरलाही जात नाही आणि रिताही होत नाही.

लोधीखेड्याच्या एका कासाराने मला घडवलं. तिगावच्या स्टेशनवर नेमणूक झाली त्या साली केशवरावांनी मला विकत घेतलं, आतून कल्हई करून घेतली आणि पुढची तीस वर्षं माझ्याशिवाय एक प्रवास केला नाही. स्टेशनमास्तर माणूस, पण स्वतः गाडीत बसले की लहान मुलासारखे खिडकीशी. आमल्याचं पाणी गोड, इटारसीचं जड, अशी त्यांची मतं होती आणि ती ते डब्यातल्या अनोळखी माणसांनाही ऐकवत. सोबत लेकरं असली तर मात्र घरून उकळून आणलेलं माझ्यातलंच पाणी. त्यांचा एक नियम होता. लांबच्या वाटेवर लेकरू रडायच्या आधी उतरावं, रडल्यावर नाही. त्यांनी काशीची यात्रासुद्धा पाच मुक्काम करून केली. बरोबरची माणसं कंटाळली, पण त्यांच्यातलं एकही मूल आजारी पडलं नाही.

निवृत्त होऊन ते पांढुर्ण्यात राहायला आले तेव्हा मीही आलो. त्यांचा मुलगा श्रीकांत इंजिनियर होऊन लंडनला नोकरीला गेला. सन छप्पन्नमध्ये त्याचं पत्र आलं की अलकाला आणि मुलांना पाठवा, विमानाच्या तिकिटांचे पैसे धाडतो. अलका म्हणजे केशवरावांची सून, सौंसरची. मुलं दोन. हेमंत पाच वर्षांचा, आणि छाया दीड वर्षाची. छायाचा कान सारखा फुटायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की हिला एका दमात विमानाने नेऊ नका. मध्ये दोन ठिकाणी उतरा, दोन दोन दिवस विसावा घ्या. आणि विमान खाली उतरायला लागलं की पोरीला झोपू देऊ नका, घोट घोट पाणी पाजत राहा, म्हणजे कानावर दाब येणार नाही. नाही तर कान कायमचा जाऊ शकतो.

केशवरावांना जन्मात एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. त्यांनी हेमंतच्या शाळेतून नकाशा मागून आणला. विमान कुठे उतरतं, किती वेळ थांबतं, हे श्रीकांतला पत्रांवर पत्रं लिहून विचारलं. काहिऱ्याला, म्हणजे कैरोला, दोन दिवस, जिनेव्हाला दोन दिवस, असे थांबे ठरले. काहिऱ्यात श्रीकांतच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, तिथे उतरायचं. अलकाने सगळं पाठ केलं. ती पोळ्या लाटताना पुटपुटायची, "काहिरा दोन दिस, जिनेव्हा दोन दिस."

आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर इजिप्तमध्ये लढाई पेटली. काहिऱ्याचा विमानतळ बंद झाला.

त्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, इकडे राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. समोरच्या घरची अंबाबाई ओट्यावर बसून म्हणाली, "लंडन राहिलं दूर, बाप्पा! आता त नागपूरच परमुलूख झालं. केशवभाऊ, तुमच्या कागदात नागपूरचाही थांबा लिवा." केशवराव हसले, पण त्यांच्या डोक्यात काहिराच घोळत होता. अलका तेव्हा भाऊबीजेसाठी मुलांना घेऊन माहेरी सौंसरला गेली होती. केशवरावांनी श्रीकांतला तार केली, उत्तर मागवलं, आणि नवा कागद लिहिला. काहिऱ्याऐवजी बैरूत, दोन दिवस. कुणाकडे उतरायचं त्याचा पत्ता. तिकिटाच्या खिडकीवर काय सांगायचं, ते शब्दाला शब्द. कानात तेल कधी घालायचं, पाणी कधी पाजायचं. सगळ्यात खाली, मुलं थकली असतील तर पुढचं विमान सोडून द्यावं, हेही त्यांनीच आपल्या हाताने लिहिलं. मी ते वाचलं आहे. तो कागद माझ्याच पोटात आहे.

तो माझ्या पोटात कसा आला, ते ऐका. आमच्याकडे लांब जायचं असलं आणि निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर प्रस्थान ठेवतात. पस्ताना म्हणतात त्याला. चांगल्या वेळेवर प्रवाशाची एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग तीन दिवसांच्या आत प्रवाशाने निघायचं, वाटेत ती वस्तू उचलायची आणि मागे वळून पाहायचं नाही. अलकाचं प्रस्थान म्हणून मला निवडलं. माझ्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि तो नवा कागद घालून केशवरावांनी फिरकी घट्ट केली. "कागदही मुहूर्तावर निघाला पाह्यजे," असं म्हणत त्यांनी मला अंबाबाईच्या कोनाड्यात ठेवलं. त्या दिवशी मी किती ऐटीत होतो म्हणून सांगू! लोधीखेड्याचा तांब्या विमानात बसणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. अलका आदल्या दिवशीच सौंसरहून आली होती. केशवरावांनी तिला एवढंच सांगितलं, "काहिरा रद्द झाला. नवीन सारं तांब्यात हाय. गाडीत बसली का निवांत वाचजो." अंबाबाई आदल्या दिवशी भावाला भेटायला मोहगावला गेली होती. सकाळच्या पहिल्या बसने परत येते म्हणाली होती. बस वाटेत बंद पडली.

मी कोनाड्यातून सगळं ऐकत होतो. दाराला बाहेरून कुलूप. टांगा उभा. हेमंत दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होता, "अंबाआजी, दार उघड वं! आमचा तांब्या दे!" छाया रडत होती.

"मामंजी, कुलूप तोडू काय?" अलका म्हणाली.

"दुसऱ्याच्या घरचं कुलूप? अन् तेही निघाच्या टायमाले? नाही."

"मंग उद्याच्या गाडीनं जातो. कागद त आतच हाय ना."

"पस्तान्याचे तीन दिस आज सरते, सूनबाई. उद्या निघशीन त सारंच वाया. गाडी तिगाव सोडून निघाली असंन आता. चाल, बस टांग्यात."

"पण मामंजी, मले काहीच माहीत नाही ना. काहिरा नाही त कुठं उतरू?"

"असं घाईत तोंडी सांगतलं त घोळ होते. मी सारं लिहून पत्र टाकतो ना आजच मुंबईले. तू पोचाच्या आत पत्र पोचते."

मग टांग्याची घंटा वाजली आणि हेमंतच्या थापा थांबल्या.

मित्रांनो, मी जन्मभर त्या माणसाच्या खांद्याला लटकलो आहे, तरी हे सांगतो. ज्याने जगाच्या नकाशावर लेकरांसाठी थांबे आखले, त्याला स्वतःच्या गल्लीत एक दिवस थांबता आलं नाही. आयुष्यात एकही गाडी चुकवली नाही याचा त्यांना फार अभिमान होता. प्रस्थान पाळायच्या घाईत त्यांनी प्रस्थानच मागे सोडलं. अंबाबाई दुपारी आली. मला कोनाड्यात पाहिलं आणि हातातली पिशवी न ठेवताच समोरच्या घरी धावली.

पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी टाकलं. तार का केली नाही, म्हणाल? इतकं सगळं तारेत मावत नाही म्हणून. एक शब्द पुरला असता. बैरूत. अति शहाण्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

पत्र मुंबईला पोचलं ते विमान उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी. अलकाच्या भावाने, तो तिला मुंबईपर्यंत पोचवायला गेला होता, ते न उघडताच परत आणलं. तिकिटाच्या खिडकीवर तिला विचारलं होतं, मध्ये कुठे उतरायचं? ती म्हणाली, काहिरा. काहिरा बंद आहे, खिडकीतला माणूस म्हणाला, मग सरळ लंडनच घ्या, बाळं घेऊन उगाच चढउतार कशाला? तिला ते पटलं. तिला दुसरं काही सांगता आलं नाही, आणि जिनेव्हाचा थांबाही त्यातच गेला.

तिचं पत्र महिन्याने आलं. केशवरावांनी ते अंबाबाईच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. विमान वाटेत तीन वेळा उतरलं आणि तीन वेळा चढलं. छाया किंचाळून किंचाळून थकली आणि झोपी गेली. अलकाने लिहिलं होतं, "मला वाटलं, झोपली तर झोपू द्यावं. मी तिला उठवलं नाही." लंडनला उतरले तेव्हा उशीवर रक्त होतं. त्यापुढचं पत्र लहान होतं. "छायाला हाक मारली तर ती वळत नाही." तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की कान आधीपासूनच खराब होते, कदाचित असंही झालंच असतं. केशवरावांनी तो 'कदाचित' दोनदा वाचला आणि पत्राची घडी केली.

अंबाबाई म्हणाली, "केशवभाऊ, घेऊन जा ना आता आपला तांब्या. माह्यानं पाह्यला जात नाही."

"पस्ताना वापस नेत नसते," ते म्हणाले. "नेला त गेलेलं माणूस येत नाही म्हणते. राहू दे."

त्यानंतरची सहा वर्षं मी त्या कोनाड्यात काढली. घरातून निघालेला आणि कुठेच न पोचलेला. अंबाबाई सगळी भांडी चिंचेने घासायची, मला हात लावायची नाही. मी हिरवा पडलो, आटे बसले. रोज सकाळी त्याच गाडीची शिटी झाली की केशवराव समोरच्या घरातून येत, चपला काढत, आणि माझ्यासमोर उभे राहून सगळा कागद तोंडपाठ म्हणत. बैरूत, दोन दिस. जिनेव्हा, दोन दिस. विमान उतरायला लागलं का उठवजो. कुणाला सांगत होते? मला माहीत नाही. त्यांचा आवाज माझ्या पोकळीत शिरायचा आणि ते निघून गेल्यावरही बराच वेळ आत फिरत राहायचा. हळूहळू त्यात आणखी एक आवाज येऊ लागला. दाराबाहेर रडणाऱ्या लेकराचा. रिकाम्या भांड्याला भास होतात का, असं तुम्ही विचाराल. मी रिकामा नव्हतो, हेच तर दुःख होतं.

बासष्टच्या उन्हाळ्यात अलका मुलांना घेऊन आली. ज्या दिवशी ती येणार, त्या दिवशी केशवराव स्टेशनवर गेले नाहीत. सकाळपासून अंबाबाईच्या घरात, माझ्या कोनाड्याखाली, भिंतीला टेकून बसले. समोर टांगा थांबल्याचा, हेमंतच्या मोठ्या झालेल्या आवाजाचा, सामान उतरवल्याचा गलबला आला. ते उठले नाहीत.

थोड्या वेळाने दारात एक सात वर्षांची मुलगी आली. आखूड केस, गुडघ्यापर्यंतचे मोजे. तिने आत पाहिलं आणि सरळ येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. मी तिला ओळखलं. केशवरावांनीही.

ते बोलू लागले. सहा वर्षं साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "माही चुकी झाली, बाई. मीच गाडीच्या मांगं लागलो. तुह्या मायनं म्हटलं होतं मले, उद्या जाऊ म्हणून. मी नाही थांबलो. कुलूप काय, आणता आलं असतं दुसरं. कान कुठून आणू मी तुह्यासाठी?" मुलगी त्यांच्या ओठांकडे एकटक पाहत होती. लंडनच्या शाळेत तिला ओठ वाचायला शिकवलं होतं, पण ते इंग्रजी. आजोबांचे ओठ तिला वाचता येत नव्हते. तिने गोंधळून मागे दाराकडे पाहिलं.

दारात अलका उभी होती. ती कधीची उभी होती, ते मला सांगता येणार नाही, पण तिचा पदर ओला होता. सहा वर्षं ती स्वतःलाच दोष देत आली होती की मी पोरीला झोपू दिलं. आणि हे म्हातारे इथे बसून दोष आपल्या नावावर घेत होते. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने कळवलं नव्हतं.

ती आत आली, छायाच्या शेजारी जमिनीवर बसली. छायाचा तळहात तिने उचलला आणि केशवरावांच्या गळ्यावर, कंठमण्याच्या जरा खाली, अलगद दाबून धरला.

"असं शिकवते तिथं तिले," अलका म्हणाली. "हाताले समजते आवाज. आता बोला, मामंजी. पुन्हा बोला. मीही आयकते."

केशवरावांनी तिचा हात नीट बसावा म्हणून मान वर केली. मग ते बोलले, अगदी पहिल्यापासून, सावकाश. छाया डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने दुसरा हातही वर आणला आणि तोही त्यांच्या गळ्यावर ठेवला.

मित्रांनो, भांड्याने उपदेश करू नये, पण म्हातारपणी तेवढी सवलत द्या. लेकरांना घेऊन लांब निघालात, तर वाटेतले थांबे जरूर आखा. पण दारात उभं राहून कुणी "उद्या जाऊ" म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. आणि चूक झालीच, तर ती माझ्यासारख्या मुक्या पितळेला सांगत बसू नका. जिचं नुकसान झालं, तिला सांगा, ती ऐकू शकत नसली तरी.