शालिग्रामची शेवटची सनई

शालिग्रामची छाती जिनात गेली. लग्नसराई सरली की कारंजा गावच्या वाजंत्र्यांना पोटासाठी दुसरं काही बघावंच लागे. तो जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जाई, आणि कापसाचं तूस वर्षानुवर्षं श्वासाबरोबर आत जाऊन बसलं. आधी नुसता खोकला होता. मग एका हळदीच्या मांडवात त्यानं सनई ओठांना लावली आणि आतून वाराच येईना. त्याचा जोडीदार उकंडराव यानं नुसत्या संबळावर कशीबशी वेळ मारून नेली.

त्यानंतर शालिग्रामनं बरेच दिवस सनई गवसणीतून काढली नाही. एका सकाळी मात्र त्यानं बायकोसमोर पाण्याची वाटी आणि गव्हाची पोकळ काडी ठेवली.

"फुक यात. बुडबुडे थांबले नाई पायजे. नाकानं वारा घे, गालात साठव, सोडत राय."

"मी? कायले?" रंगूबाईनं विचारलं.

"मी हाये तोवर तरी चूल पेटन, म्हणून."

लग्न होऊन आली तेव्हापासून रंगूबाई त्याची सनई ऐकत भाकरी थापत आली होती. चाली तिला पाठ होत्या, पण कानातलं बोटांत यायला फार दिवस लागले. ओठ फुटले, गाल ठणकू लागले, वाटीतले बुडबुडे मध्येच तुटत. शालिग्राम शिकवताना नवरा राहत नसे. "थुकी लागली सनईच्या पत्तीले, पुन्हा घे," म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावी. ती रडली तर दुसरीकडे बघे आणि रडणं थांबलं की पुन्हा सुरू करी.

वाजवणं एवढंच शिकून भागत नाही, हेही त्यानं तिच्या गळी उतरवलं. पंगत बसली की चढं वाजवायचं नाही, माणसं नीट जेवत नाहीत. चुलवणाच्या धुरात बसायचं नाही. पाठवणीला पोरीच्या आईचा हुंदका आधी फुटू द्यायचा, सनई मागाहून.

"अन् मांडवात शिरल्याबरोबर घरातली म्हातारी कोणती ते पाय," तो सांगे. "पुढच्या कार्याले कोणाले बोलवाचं, हे तिच्याच तोंडून निघते. तिले आवडन ते आधी वाजव."

पण बाईनं सनई फुंकली तर कोणी मांडवात उभं करणार नव्हतं. तेव्हा तोड शालिग्रामनंच काढली. मांडवाच्या कोपऱ्यात दोरी बांधून चादर सोडायची, रंगूबाई मागे, तो पुढे. लोकांना सांगायचं, बायको साथीच्या सनईवर नुसता एक सूर धरते, पण परक्या माणसांसमोर बसत नाही. तो ओठांना सनई लावून नुसती बोटं हलवी, चाल मागून ती वाजवी. सूर धरायला खरं तर कोणीच उरलं नव्हतं. एकच सनई वाजते आहे, खाली सूर नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन लग्नसराया अशा गेल्या. बोलावणी वाढली. लोक म्हणत, शालिग्राम आजारातून उठला अन् हात आणखी गोड झाला. तो मान खाली घालून ते ऐकून घेई आणि परतीच्या बैलबंडीत तिच्याकडे पाठ करून बसे. एकदा केनवडच्या लग्नात तिनं सारंग रागात एक जागा घेतली, जी त्यानं शिकवली नव्हती. घरी येईपर्यंत ती धास्तावलेली होती.

"ते कोठून आणलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"आलं आपोआप. चुकलं काय?"

"नाई," तो म्हणाला, आणि खोकत भिंतीकडे वळला.

मग मंगरूळपीरच्या मदन पाटलाच्या थोरल्या पोरीचं लग्न आलं. शालिग्रामला बंडीत चढवतानाच उकंडरावनं म्हटलं, "यावेळी राहू दे, लेका." पण तो ऐकेना. तो नसेल तर चादरीपुढे कोण बसणार?

दुपारी मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, कोणीतरी "वाजवा!" म्हणून ओरडलं. रंगूबाईनं वारा भरला आणि सोडला. तिला चादरीच्या या बाजूनं फक्त उजेड दिसत होता आणि नवऱ्याच्या पाठीची सावली. सावली मांडवाच्या मेढीला टेकली. दमला असेल, असं तिला वाटलं.

उकंडरावनं मात्र पाहिलं. शालिग्रामचे डोळे उघडे होते, पण बोटं सनईवर थांबली होती. उकंडराव बसल्या जागी सरकला आणि आपल्या खांद्याचा टेकू त्याला दिला. संबळ थांबला नाही. बोहल्यावर हार पडत होते, बाया अक्षता टाकत होत्या. अशा वेळी वाजंत्री मध्येच बंद पडली असती तर नवरीला जन्मभर अपशकुनाचे टोमणे ऐकावे लागले असते. आणि आणखी एक गोष्ट त्याला कळत होती. चादरीमागची बाई ज्या क्षणी सनई खाली ठेवील, त्यानंतर तिला कोणत्याही मांडवात जागा नव्हती. म्हणून त्यानं लय सोडली नाही, उलट लांबवत नेली. कन्यादान आटोपलं तरी तो थांबेना, आणि ती त्याच्यामागं वाजवत राहिली. त्या दिवशी हात असा लागला होता की तिलाच नवल वाटत होतं. पंगतीची पानं मांडणारी माणसं हातातली पानं तशीच धरून उभी राहिली.

शेवटी उकंडरावचेच हात गळाले. तिनं चादर बाजूला केली.

शालिग्राम गेलेला होता. उकंडरावनं खूण केली तशी ती पदर तोंडात कोंबून बसली. तेवढ्यात पाटलाची आई तुळसाबाई काठी टेकत आली.

"काय झालं? कवा गेला हा?"

रंगूबाईनं उकंडरावकडे पाहिलं.

"आताच, माय," तो म्हणाला. "वाजवणं पुरं केलं अन् मान टाकली."

म्हातारीनं हात जोडले. "शेवटच्या दमापर्यंत वाजवलं बाप्पा यानं. असं वाजवणं मी जन्मात ऐकलं नाई."

रंगूबाईच्या ओठांवर अजून पत्तीचा वळ होता. तिनं तो पदरानं झाकला. शालिग्रामला मागच्या दारानं बंडीत ठेवलं, पंगत त्यानंतर बसली.

ती गोष्ट कारंजापासून रिसोडपर्यंत पसरली. मरता मरता वाजवणाऱ्या शालिग्रामची. वाजंत्री आपल्या पोरांना ती सांगू लागले. बाजारात कोणी ओळखलं की रंगूबाईला म्हणत, तुझा नवरा म्हणजे मोठा गुणी माणूस. ती "हो" म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी पाटलाच्या धाकट्या पोरीचं जमलं. पाटलाचा माणूस उकंडरावकडे आला, तेव्हा रंगूबाई तिथंच मजुरीनं जोंधळे पाखडत होती.

"तुळसाआजीचं म्हणणं हाये, शालिग्रामसारखा वाजवणारा पायजे. हाय कोणी?"

"हाय," उकंडराव म्हणाला. "खरं सांगू? त्या दिवशीही..."

"भाऊजी," रंगूबाईनं सूप न थांबवता म्हटलं.

माणसानं तिच्याकडे, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. "कोण हाये म्हणता?"

उकंडरावनं तिच्या हातातल्या सुपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाई. तसा आता कोणी नाई."

"तं मग अमरावतीचा बँड सांगतो," म्हणत माणूस उठला आणि वाटेला लागला. उकंडराव घरात गेला. रंगूबाईनं पाखडलेले जोंधळे भांड्यात ओतले आणि दुसरं सूप भरलं.