वाट चुकलेल्या पाखराची नोंद

कॉलेजच्या शिपायाने कपाट उघडलं. आत जुने बॅनर आणि मोडका पंखा.

"इथले पक्षी कुठे गेले?" मृणालीने विचारलं.

"पेंढा भरलेले ना? कीड लागली होती, मॅडम. रंगकाम निघालं तेव्हा कचऱ्याच्या गाडीत टाकले."

मागे उभ्या असलेल्या कमळकाकूला आधी कळलंच नाही. नवऱ्याने धरलेलं पाखरू पुन्हा बघायला मिळणार, म्हणून ती कामतघरहून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

लग्नानंतरच्या थंडीत ते हरेशच्या जाळ्यात सापडलं होतं. चिखलात धावणारं, लांब चोचीचं, या किनाऱ्यावर कुणी कधी न पाहिलेलं. वाऱ्याने कुठल्या कुठे आणून टाकलेलं. हरेशने त्याला ओली करंदी भरवली, आपल्या पांघरुणात निजवलं. ते मेलं त्या दिवशी तो जेवला नाही. कॉलेजच्या सरांनी ते पेंढा भरून ठेवलं आणि पक्ष्यांच्या पुस्तकात नोंद झाली : भिवंडी खाडी, हरेश भोईर यांच्या जाळ्यात.

पुढे खाडी बुजली. हरेश कापडाच्या लूमवर कामाला लागला आणि खोकून खोकून गेला. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरलाही तो सांगायचा, "माझं नाव पुस्तकात हाय."

मृणाली अशाच जुन्या नोंदी तपासायला मुंबईहून आली होती.

"मग आता?" काकूने विचारलं.

"पक्षी नाही, फोटो नाही. तसाच दिसणारा दुसऱ्या जातीचाही असू शकतो, काकू. पुस्तकातून नोंद काढून टाकावी लागेल."

"अगं, मी बघितलाय ना! या हातावर होता. ऊन ऊन लागायचा."

"माझा विश्वास आहे. पण तेवढ्यावर नोंद राहत नाही."

"पाखरू काढ गो. यांचं नाव तेवढं ऱ्हावू दे."

मृणालीने खाली पाहिलं. "नाव त्या नोंदीतच आहे."

काकूने कपाटाचं दार लोटलं. मग म्हणाली, "जागा तरी बघून जा."

दोघी रिक्षाने टेमघरच्या पुढे उतरल्या. जिथे चिखल होता तिथे गोदामांची रांग होती. एका निळ्या शटरसमोर काकू थांबली. "हितं. भरती यायची हितवर."

मृणालीने शटरचा फोटो काढला. दुसरं काय करावं तिला सुचलं नाही.

वॉचमन पुढे आला. "किससे मिलना है, अम्मा?"

"किसीसे न्हाय," काकू म्हणाली. मागे ट्रक येत होता. पदर सावरून ती त्याला वाट द्यायला बाजूला झाली.