लुगड्याची ऊब

हातमागाच्या खड्ड्यात उतरून तम्मण्णाने रात्रभर तिथे ठेवलेले ते जनावर दोन्ही हातांनी उचलले आणि काठावर उकिडवे बसलेल्या मारुतीरावांच्या हाती दिले. तम्मण्णाच्या पायांना गुडघ्यापर्यंत रॉकेल फासले होते. गेल्या पंधरवड्यात तो अशा बारा-तेरा घरांत उतरला होता. आजचे घर मात्र त्याचे स्वतःचे होते, आणि खड्डाही त्याचाच. याच खड्ड्यात पाय सोडून त्याने वीस वर्षे धोटा फेकला होता.

"काय गुंडूराव, झोप लागली का नव्या जागी?" मारुतीरावांनी जनावराला विचारले.

ससा म्हणावा तर कान नाहीत, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही, असे ते तांबूस-पांढरे जनावर डॉक्टरसाहेबाने मुंबईहून आगगाडीने मागवले होते. त्याला रोज ताजा पाला लागे. म्हणून शहापुरातली माणसे त्याला साहेबाचा जावई म्हणत. मारुतीराव त्याला गुंडू म्हणत. ते स्वतः बेळगुंदीचे, शेतकऱ्याच्या घरातले; चार इयत्ता इंग्रजी शिकून प्लेगच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले होते. यंदा शहापूर पुन्हा रिकामे झाले, माग बंद पडले, तेव्हा पिंजरे वाहायला त्यांना माणूस हवा होता आणि तम्मण्णाच्या हातांना काम नव्हते.

मारुतीरावांनी पांढरे फडके अंथरले. बाटलीतल्या गुंगीच्या औषधाचा बोळा गुंडूच्या नाकाशी धरला. तो निपचित पडल्यावर बारीक दातांच्या फणीने ते त्याची लव विंचरू लागले. फडक्यावर काळे ठिपके पडू लागले. एकेक ठिपका चिमट्याने उचलून ते काचेच्या नळीत टाकत होते आणि ओठ हलवत मोजत होते.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "तम्मण्णा, तुझ्या घरानं पैला नंबर काढला बघ. धान्याच्या वखारीत सुद्धा अठ्ठावीसच घावल्या हुत्या."

"विणकराचं घर हाय, मारुतीराव. ताण्याला खळ लावतो आमी. पेजेच्या वासावर उंदीर येणारच."

"येऊ देत की. उंदराचं काय न्हाय. ह्या बाया वाईट."

त्यांनी नळीवर भिंग धरून तम्मण्णाला बघायला दिले. पंधरा दिवसांत त्याने हे बघायला कधी मागितले नव्हते. बघितले, तर चपटे, तपकिरी, ओणवे अंग आणि मागचे लांब पाय. पिसू. लहानपणापासून अंगावर मारत आलो तीच.

"येवढ्या गोळा करून करायचं काय?" त्याने विचारले.

"साहेब ह्यांची पोटं फोडून बघतो. हसू नगंस, खरंच. रोग हिच्या पोटात असतोय." मारुतीरावांना सांगायची हौस होती, ऐकणारा क्वचित मिळे. "उंदीर मेला की गार पडतो. हिला गार अंग चालत न्हाय, ऊब लागती. मग दुसरा उंदीर हुडकायचा. न्हाय घावला, तर माणूस. हवेतनं न्हाय, पाण्यातनं न्हाय, आन मरीआईच्या कोपानं तर न्हायच न्हाय. येवढ्याशा किड्यानं निम्मं गाव नेलं."

"आन घरात माणूस नसलं तर?"

"तर बसती वाट बघत. भुईत, गोणपाटात, कापडात. थंडीच्या दिसांत पंधरा-पंधरा दिवस. साहेबानं बरणीत चिंधी घालून बघितलंय."

तम्मण्णाने भिंग खाली ठेवले.

"कापडात?"

"कापडात तर खुशाल. मऊ असतंय."

तम्मण्णाने खड्ड्याकडे पाहिले. तळाशी त्याच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या दोन खोलगट जागा होत्या.

दोन वर्षांपूर्वी, असाच मार्गशीर्ष होता. शहापुरात उंदीर पडू लागले आणि सगळी पेठ वडगावच्या पलीकडच्या शेतांत झोपड्या घालून राहायला गेली. तम्मण्णाच्या मागावर तेव्हा निपाणीच्या एका नवरीचे लुगडे अर्धे झाले होते. कुंकू लावून सुरू केलेले नवरीचे लुगडे मधे कापू नये, आणि मागावर तसेच ठेवले तर खळीच्या वासाने उंदीर ताण्याची जाळी करणार. चौथ्या दिवशी तो कुणाला न सांगता आला, मागचे दार उचकटले, आणि विणलेले कापड व पुढचा ताणा एकत्र गुंडाळून घेऊन गेला. खड्ड्यात एक उंदीर मरून पडला होता. तो त्याने शेपटीला धरून परसात फेकला. गुंडाळी झोपडीमागच्या भाताच्या पेंढ्याखाली लपवली, कारण बंद घरातून काही आणायचे नाही असा हुकूम होता.

आणि मग त्या गारठ्यात अंजनी कुडकुडू लागली. नऊ वर्षांची पोर. त्या लुगड्याच्या सुताच्या साऱ्या कांड्या तिनेच भरल्या होत्या. त्याने गुंडाळी काढली, विणलेले कापड उलगडून तिच्या अंगावर घातले.

"आप्पा, गिऱ्हाइकाचं हाय न्हवं?" ती अर्धवट झोपेत म्हणाली होती.

"असू दे. ऊब हाय त्याला."

उजाडायच्या आत त्याने ते परत पेंढ्याखाली ठेवले. सहाव्या दिवशी तिच्या काखेत गाठ आली. आठव्या दिवशी ती गेली.

"चार दिवस म्हंजे ह्यांना काय लई न्हवं?" तम्मण्णाने विचारले.

"चार दिवस म्हंजे काहीच न्हाय. का रं?"

"न्हाय. आपलं इचारलं."

मारुतीराव नळीला बूच लावत होते. त्यांचा हात थांबला. तम्मण्णाची पोर गेल्याचे त्यांना ठाऊक होते. शहापुरात कुणाचे कोण गेले, हे त्यांच्याच वहीत होते. त्यांनी बूच घट्ट दाबले, नळीवर चिठ्ठी चिकटवली, आणि बराच वेळ ती अंगठ्याने सारखी करत राहिले.

"साहेबाचं समदं खरंच असतंय असं न्हाय," ते म्हणाले. "दोन साल मागं हाच साहेब हवेतनं पसरतो म्हणून भिंतींना चुना मारत हुता. मी बादली धरून हुतो."

गुंडूला शुद्ध आली होती. तो मागचे पाय झाडत होता.

दुपारी पिंजरा दवाखान्यात पोचवून तो शेताच्या वाटेला लागला. येळ्ळूरच्या गडावर ऊन पडले होते. वाटेने त्याच्या मनात अंजनी नव्हती. तिच्याविषयी विचार करायला त्याचे मन अजून धजत नव्हते. मनात यल्लव्वा होती, त्याची बायको.

गाव सोडताना वेशीवर प्रत्येक घरच्या बाईने मरीआईची ओटी भरायची, ही रीत. यल्लव्वानेही भरली होती. पोर गेल्यावर सातव्या दिवशी तिने आपण होऊन सासूपुढे कबूल केले होते, की त्या दिवशी ती विटाळशी होती. घरात दुसरी भरणारी नव्हती, म्हणून लपवून ओटी भरली. मग काय विचारता. सासूने, राजाबाईने, कपाळ बडवून घेतले. सगळ्या झोपड्यांत झाले. देवी कोपली आणि पोरीला घेऊन गेली, हे आंधळ्यालाही दिसावे इतके स्पष्ट होते. तेव्हापासून यल्लव्वा एकच वेळ जेवत होती, आणि तेही अळणी. दोन वर्षांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. आणि तम्मण्णाही, खोटे कशाला बोला, सुरुवातीचे काही महिने तिच्याशी नीट बोलला नव्हता. बोलायला तोंड उघडले की त्याला वाटे, एवढे कळत असून हिने असे का करावे.

आता तिला सांगितले, तर ती आजच मोकळी होणार होती. एका वाक्याचे काम. आणि ते वाक्य बोलल्यावर त्या एका झोपडीत तिने त्याच्याकडे कसे बघायचे, आणि म्हातारीने कसे बघायचे?

तो बांधावर बसला. उठला. पुन्हा बसला. शेवटी, जे व्हायचे ते होवो, असे म्हणून उठला आणि झोपडीकडे गेला.

राजाबाई दारात सुपात तांदूळ निवडत होती.

"आलास? जेवला काय साहेबाचा जावई?"

"जेवला, अव्वा."

"त्याला तरी पोटभर मिळू दे. हितं एक बया हाय, उपाशी मरून माझ्या लेकाच्या डोक्यावर पाप ठिवणार. करताना कळलं न्हाय, आता भोग म्हणावं."

तम्मण्णा वाकून आत शिरला. यल्लव्वा रहाटावर कांडी भरत होती. माग बंद होते, तरी परत गेल्यावर उपयोगी पडतील म्हणून ती रोज भरत असे. तो तिच्यासमोर बसला, पाठ दाराकडे करून, आणि हळू आवाजात सांगू लागला. पिसवांचे सांगितले, बरणीतल्या चिंधीचे सांगितले. मग चौथ्या दिवशीचे, मागच्या दाराचे, खड्ड्यातल्या उंदराचे, पेंढ्याखालच्या लुगड्याचे. अंजनी काय म्हणाली ते त्याला सांगता येईना. ते राहिलेच.

"तुझा काय दोष न्हवता," तो म्हणाला. "देवीचा बी न्हवता. माझ्या हातनं झालं."

रहाट चालूच होता. कांडी भरली. यल्लव्वाने सूत तोडले, कांडी टोपलीत टाकली आणि दुसरी रिकामी कांडी चातीवर चढवली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"त्या राती मला झोप न्हवती. तुमी तिच्यावर लुगडं घालताना बघितलं मी. मला बरंच वाटलं. पोरीचं कुडकुडणं थांबलं." तिने सुताचे टोक बोटाने ओलवले. "सरकारची दवंडी ऐकलीती. बंद घरातला कपडा आणू नका म्हणून. का ते ठाव न्हवतं. पर कायतरी असल्याबिगर सांगत्यात व्हय? गाठ आली तवाच कळलं."

तम्मण्णा पुढे सरकून बसला.

"मग... ओटीचं?"

यल्लव्वाने दाराकडे नजर टाकली. बाहेर सूप पाखडल्याचा आवाज येत होता. ती आणखी हळू बोलली.

"मी विटाळशी न्हवते त्या दिशी."

"मग तसं सांगितलंस का?"

"आत्याबाई इचारत सुटल्या हुत्या," ती म्हणाली. "दुखणं कुठनं आलं, कुणी आणलं म्हणून. ज्यानं आणलं त्याच्या हातचं पाणी मरताना बी घ्यायची न्हाय, म्हणाल्या. ज्याला त्याला धरून इचारायच्या. तुमी तितंच बसला हुतासा, भिताडाला टेकून. तुमच्या तोंडाकडं बघितलं मी. त्यांनी आणखी एकदा इचारलं असतं तर तुमी बोलून बसला असता."

"मला तर तवा ठावच न्हवतं."

"ठाव नसंल. पर लुगडं आणल्याचं तोंडातनं गेलं असतं. बाकीचं लोकांनी जोडलं असतं." तिने रहाटाची मूठ धरली, पण फिरवली नाही. "त्यांना एकच ल्योक हाय. सून काय, परक्या घरची. तिला बोललं तर पचतंय."

"आन ही अळणी भाकर? दोन सालं?" तम्मण्णाचा आवाज चढू लागला होता; त्याने तो आवरला. "काय केलंच न्हाईस, तर कशापायी?"

"केलं की. देवीवर आळ घेतला." ती हे अगदी सरळ म्हणाली. "तिनं काय केलं हुतं आमचं? अंघोळ करून, नवं खण-नारळ घेऊन, चांगली ओटी भरली मी तिची. आन पोरगी नेल्याचं नाव तिच्यावर घातलं. समदा गाव तिला बोलतोय माझ्यापाई. ते फेडाय नगो?"

बाहेरचे सूप थांबले.

"यल्लव्वा," राजाबाईचा आवाज आला. "भात कुणी बघायचा? करपला तर आज काय नाव सांगणार हाईस, का परत देवीचा कोप म्हणणार?"

तम्मण्णा झटक्यात उठला. झोपडीचे आढे डोक्याला लागले.

"अव्वा..."

यल्लव्वाने त्याच्या धोतराचा सोगा धरला. ओढला नाही, नुसता धरला. तो थांबलेला पाहून तिने सोडला, अंगावरची सुताची धूळ झटकली आणि पदर डोक्यावर घेत दाराबाहेर गेली.

"चुकलं, आत्याबाई," ती बाहेर म्हणाली.

"चुकलं म्हण, चुकलं. चुकून चुकून पोर खाल्लीस माझी."

"व्हय, आत्याबाई."

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. मंद, सारखा, दोन वर्षे तम्मण्णाने ऐकलेला. तो वाकलेल्या मानेने आढ्याखाली उभा राहिला, आणि त्याच्या आईने पुढे जे जे सुनावले, त्या प्रत्येकाला बाहेरून येणारा तो होकार त्याने उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकला.