गारेचं पातं

आमच्या बाने, पुंजाजीने, दोन नातवंडं पुरली आणि दोष विळ्याला दिला. तानुबाई सुईण नाळ विळ्याने कापायची आणि आठव्या दिवशी पोर आखडून जायचं. लोखंडात विष असतं, असं बाने ठरवलं. पुंजाजीने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी फिरायचा नाही.

गोजरवहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा लोखंडाऐवजी भाजलेल्या गारेचं पातं करायला त्याने नदीतून गारगोट्या आणल्या. ओली गार आचेत बंदुकीसारखी फुटते, म्हणून महिनाभर उन्हात वाळवल्या. परसात खड्डा करून त्यात गारा, वर चार बोटं वाळू, त्यावर गोवऱ्यांचा धीमा जाळ. विझल्यावर दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. आईने घाई केली तर तिच्यावर खेकसला. निघालेली गार लालसर, तुकतुकीत होती. एका टोल्यात पातळ पातं सुटलं. मी माहेरी आले होते, मला बाचा अभिमान वाटला.

त्या पात्याने नाळ कापली. मुलगा झाला, रडला, दूध प्याला. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. बाने पुन्हा खड्डा खणला, पण परसात नाही.

पुढे मी विधवा झाले आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात सुईणपण शिकले. नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईने धनुर्वात कशातून होतो ते सांगितलं.

घरी आले तर वहिनी पुन्हा पोटुशी, आणि परसात खड्डा धुमसत होता. या खेपेला गार आणखी मंद भाजतोय, असं बा सांगत होता. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"बा, मागच्या खेपेले पातं काढल्यावर कुठी ठेवलं होतं तुनं?"

"कुठी म्हंजे? ओल्या सारवणावर. हळद-कुंकू वाहून रातभर पुजलं. औत नाही पुजत का आपण?"

"इख लोखंडात नव्हतं, बा. शेणात होतं. विळाही गोठ्यातलाच होता."

त्याने काठीने धुमसत्या गोवऱ्या सारख्या केल्या. मग म्हणाला, "सारवलं कोणं होतं?"

"मीनं."

बा उठला, घागर आणली आणि खड्ड्यावर ओतली. आत तापलेल्या गारा एकेक करून फुटत राहिल्या. आम्ही दोघं शेवटची फुटेपर्यंत ऐकत बसलो.