लाथ मिळणार न्हाई

दैवशाला जन्मली ती पायांकडून. सुईणीने बाळ रडायच्या आधीच सांगून टाकलं, पोरगी पायाळू आहे. पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं गावोगाव मानतात. त्यामुळे दैवशाला चालायला लागली न लागली तोच तिला लोकांच्या पाठीवर उभं करू लागले. लग्न होऊन ती बदनापूरजवळच्या गावात आली, तेव्हा तिच्या नावाआधी तिच्या पायाची कीर्ती येऊन पोचली होती. दर शनिवारी ओट्यावर माणसं येऊन बसायची, कुणी कंबर धरून, कुणी वाकडं होऊन. ती उंबऱ्यात उभी राहून डाव्या पायाने हलकेच लाथ मारायची आणि लोक तिलाच हात जोडून जायचे. तिच्या सासूला, गोजरबाईंना, याचा फार अभिमान. "आमच्या सुनेचा पाय म्हंजी औषध हाय," असं त्या भर बाजारात सांगायच्या.

आणि यंदा कापूस वेचणीत दैवशालाची स्वतःचीच कंबर गेली.

दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचं गाठोडं तिने एका हिसक्यात उचललं, तशीच वळून ट्रॉलीत टाकायला गेली, आणि असा सणका आला की ती गाठोड्यासकट खाली बसली. सोबतच्या बाया हसल्या. "पायाळूला आता लाथ कोण मारणार, बाई?"

गोजरबाईंनी परतूरकडून वसंता नावाचा दुसरा पायाळू बोलावला. दांडगा गडी होता. त्याने जोर लावून लाथ हाणली आणि दैवशालाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग तिला बाजेवर निजवलं. हलायचं नाही, उठायचं नाही. पडून पडून ती ओंडक्यासारखी ताठली. शेवटी नवऱ्याला, भागवतला, म्हणाली, "मला जालन्याला न्या. न्हाई न्यायचं तर मी रांगत स्टँडवर जाते."

जालन्यात मस्तगडला तृप्ती मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. त्यांनी तिचे पाय उचलून पाहिले, बोटं हलवायला लावली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. "नस दबलेली नाही. स्नायू आखडलाय. पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला," त्या म्हणाल्या. उताणं झोपून, गुडघे मोडून, कंबर हळूहळू वर उचलायला शिकवलं. ओझं उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं आणि ते पोटाशी धरून उठायचं. वळायचं तर अंग पिळायचं नाही, पावलं वळवायची.

निघताना दैवशालाने विचारलं, "मॅडम, मी लोकायला लाथ मारते. त्यानं बरं होतं का?"

"बऱ्याचशा उसणी थोड्या दिवसांत आपोआप उतरतात. नाव तुमच्या पायाचं होतं. पण एखाद्याची नस दबलेली असली, पाय बधिर पडला असला आणि तिथे लाथ बसली, तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो."

परतीच्या गाडीत दैवशाला बोटांवर मोजू लागली. आजवर किती जणांना तिने लाथ मारली होती, आणि त्यातल्या एकालाही पाय बधिर आहे का म्हणून विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने झाडूला लांब दांडी बांधली आणि उभ्याने अंगण झाडू लागली. गोजरबाई वैतागल्या. "असं उभ्यानं झाडतेत का घरच्या सुना? लोकं हसून राह्यले!"

"हसू द्या, आत्याबाई. कंबर माझी मोडली व्हती, लोकायची न्हाई."

रोज सकाळी ती सतरंजीवर कंबर उचलायची, मग मळ्यापर्यंत चालून यायची. शनिवारी आलेल्या माणसांना तिने तेच करायला सांगितलं. काही जण करून पाहायला तयार झाले. बरेचसे तोंड वाकडं करून परत गेले.

अशाच एका शनिवारी काकासाहेब आले. गावचे माजी सरपंच. त्यांचा शब्द अजूनही कुणी मोडत नसे. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते आले, मागे त्यांच्या पत्नी गिरिजाबाई.

"चल पोरी, मार लाथ. जल्दी."

दैवशाला त्यांच्या पायांकडे पाहत होती. अंगणातून येताना त्यांची उजवी चप्पल मागेच गळून पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"मामा, पाय बधिर लागतो का?"

"तू काय डॉक्टरीन हाईस? लाथ मार म्हणलं ना!"

"लाथ मिळणार न्हाई."

गोजरबाई पुढे झाल्या. "अगं, एवढं मोठं माणूस दारात आलंय!"

"माज आलाय हिला," काकासाहेब कडाडले. "गावानं मान दिला तो तुझ्या पायाला दिला, तुला न्हाई!"

"पण पाय माझाच हाय ना, मामा? मंग तो कुणावर उचलायचा ते मी ठरवीन. आता कुणावरच उचलणार न्हाई."

"माफी माग," भागवत मागून पुटपुटला. तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मागते. मामांनी उजव्या पायाचा अंगठा वर करून दाखवावा. झाला वर, तर पाया पडून माफी मागते."

काकासाहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला, कपाळावर शीर उठली. अंगठा तसाच पडून होता. गिरिजाबाई खाली बसल्या, त्यांनी ते पाऊल हातात घेतलं. "उचला की," त्या हळूच म्हणाल्या. मग त्या उठल्या. "गाडी काढायला सांगा. जालन्याला जायचंय."

"मी म्हणतो, दुसरा पायाळू..."

"जल्मभर तुम्हीच म्हणून राह्यले. आज मी म्हणते."

नस दबलेलीच निघाली. ऑपरेशन झालं आणि हळूहळू पायात बळ येऊ लागलं. गावाने मात्र दैवशालाला शाबासकी दिली नाही. पायाळूने पाय आखडता घेतला, आता गावाचं काही खरं नाही, असं पारावर बोललं गेलं. शनिवारची गर्दी वसंताकडे वळली. गोजरबाई तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

दैवशालाने मळ्यापर्यंतचं चालणं सोडलं नाही. एका सकाळी समोरून काकासाहेब काठी टेकत आले. चालणं त्यांनाही सांगितलेलं असावं.

"आल्तो तव्हाच लाथ मारली असती," ते म्हणाले, "तर ऑपरेशनची पाळी आली नसती."

"तुम्ही आता रोज आले तरी मारणार न्हाई, मामा."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि पुढे निघाले. दैवशाला वळून त्यांच्या उजव्या पायाकडे पाहत राहिली. पाऊल बरोबर उचललं जात होतं, चप्पल पायात होती. मग ती मळ्याकडे वळली. आज वेचणीला बाया कमी होत्या, गाठोडी तिलाच उचलायची होती.